फोनवर चार्ज देत नाय

आमच्या घरमालकांना 'मालक' म्हटलेलं खपत नसे. एखादीने चुकून तशी हाक मारलीच, तर ते आपल्यामागे कोणी उभं आहे की काय, असं वळून बघत. मग शांतपणे सांगत, "मालक कोन नाय हितं. मी ऑपरेटर." भिसेगावात लहानथोर सगळे त्यांना ऑपरेटरच म्हणत. भिवपुरीच्या वीजघरात त्यांची सगळी नोकरी गेली. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण नोकरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. सकाळी आठच्या ठोक्याला खाकी पँट चढवून ते पडवीतल्या लोखंडी खुर्चीत बसत, आणि वरच्या खोलीतल्या आम्ही दोघी मुली परत येईपर्यंत ती खुर्ची सोडत नसत. जेवणसुद्धा तिथेच, ताट मांडीवर घेऊन.

ऐकणं हा त्यांचा खरा धंदा. एकदा शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप सुरू झाला तेव्हा त्यांनी मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाले, "बेअरिंग चाललं. आठ दिस." नवव्या दिवशी शेजारी पंप रिक्षात घालून कर्जतच्या बाजारात निघालेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. घरातला मिक्सर, गल्लीतली स्कूटर, त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, खोकला, सगळ्यांचं निदान ते त्याच कानांनी करत. मी आणि माझी रूम पार्टनर भांडलो की खालून आवाज येई, "ट्रिप झालंय. थंड होऊ द्या, मग चालू करा." परीक्षेला ते 'पीक लोड' म्हणत आणि त्या दिवसांत काकूंना मिक्सर लावायची बंदी असे. काकू कपाळाला हात लावत. "परीक्षा ह्या पोरींची, आन् पाट्यावर चटनी वाटून कंबर जाते माजी," असं म्हणत त्या चटणी मात्र आम्हालाच जास्त वाढत.

मी त्या घरात कशी येऊन पोचले, ते आधी सांगायला हवं.

माझे बाबा माणगावला एका शाळेत क्लार्क. उभा जन्म मस्टर सांभाळण्यात गेला. मस्टरवर सही आहे म्हणजे माणूस आहे, आणि सही नाही म्हणजे साक्षात समोर उभा असला तरी तो रजेवर, अशी त्यांची श्रद्धा. पहिल्या वर्षी मला कर्जतच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये सोडायला आले तेव्हा त्यांनी ना खोली बघितली ना मेस. वॉचमनच्या टेबलावरचं रजिस्टर उघडलं, चार पानं उलटली, रकाने सरळ आखलेले बघितले आणि आईला म्हणाले, "चांगलं आहे."

हॉस्टेल वाईट नव्हतंच. वर्ग दोन मिनिटांवर, पाणी भरपूर, ताट आयतं, गप्पांना वीस जणी. मेसमधली सोमवारची भाजी कुठली आणि गुरुवारची कुठली हे चवीवरून सांगता येत नसे, एवढंच. पण थंडी संपता संपता मला ताप आला आणि मी दोन दिवस पलंगावरून उठले नाही. खोलीतल्या मुलीने प्रेमापोटीच हजेरीच्या वहीत माझी सही ठोकली, कारण सही नसली की रेक्टर मॅडम बोलावून झाडत. मी फोन उचलला नाही म्हणून बाबांनी ऑफिसला फोन लावला, तर वॉचमनने वही बघून तत्परतेने सांगितलं, "आहे ना. सही आहे. पहिला मजला, जिन्याशेजारची खोली." बाबा निर्धास्त झोपले. मी त्याच खोलीत तापाने फणफणत पडले होते, आणि ही गोष्ट मी घरी कधी सांगितली नाही.

दुसऱ्या वर्षी हॉस्टेलच्या जागा नव्या मुलींना दिल्या आणि आम्हाला सांगितलं की बाहेर सोय बघा. 'बाहेर' हा शब्द ऐकून बाबांनी जेवताना घास खाली ठेवला. "हॉस्टेल नाही तर इंजिनीअरिंग नाही," ते म्हणाले. "इथल्या कॉलेजात बी.कॉम. कर. माझी मुलगी बाहेर राहणार नाही." आईने आठवडाभर रदबदली केली, मामाने चार फोन केले, तेव्हा कुठे तह झाला. एक सेमिस्टर बघायचं. या काळात काही वेडंवाकडं कानावर आलं तर त्याच दिवशी सामान उचलायचं आणि परत कर्जतचं नाव काढायचं नाही. बाबा रागावूनच राहिले. खोलीत सोडायला आई आणि मामा आले, बाबा आले नाहीत.

त्या पहिल्या दिवशी ऑपरेटरकाकांनी माझ्या हातात एक हातोडी आणि चार खिळे ठेवले. भाड्याने खोली देणारा माणूस आधी 'भिंतीला खिळा मारायचा नाही' हे सांगतो. हॉस्टेलच्या नियमांतही ते वरच्या बाजूला लिहिलेलं होतं.

"काका, भिंत खराब होईल," मामा म्हणाला.

"होऊ दे की. जलमभर क्वार्टरमदी राहिलो आमी. भिंत त्यांची, खिळा मारायला अर्ज. हिचा आरसा सगळी नोकरी खिडकीत टेकवून ठिवला. खाली बसून भांग पाडायची बिचारी. आता घर आपलं हाय, मार कुटंपन."

"आन् आता बघावं तिकडं खिळे," काकू आतून म्हणाल्या. "पदर अडकून अडकून लुगडी फाटली माजी."

मी खिळे मारले नाहीत. एका सेमिस्टरपुरती आलेली मी, भिंतीला भोकं कशाला पाडू? खिळे कंपासपेटीत टाकले आणि कपडे दोरीवर वाळत घातले ते तिथेच राहू दिले.

पण त्या घरातली खरी गंमत खिळ्यांची नव्हती, चार्जची होती. वीजघरात एक पाळी संपली की पुढच्या पाळीचा माणूस येऊन सगळं समजून घेतो आणि 'चार्ज घेतला' म्हणतो. तोपर्यंत पहिल्याने जागा सोडायची नाही. हा नियम काकांनी घरी आणला होता. बाहेर पडताना आम्ही पडवीत उभं राहून सांगायचं, "काका, कॉलेजला चालले. पाचला येते. गॅस बंद, नळ बंद, पार्टनर झोपलीय. चार्ज घ्या." ते आमच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "घेतला." परत आलं की आपण म्हणायचं, "आले. चार्ज द्या." मग ते दिवसभराचा अहवाल देत. पाणी आलं, टाकी भरली, माकडं आली होती, पार्टनर उठून क्लासला गेली, सगळं नॉर्मल. आपण "घेतला" म्हटलं की ते मान हलवत. वहीत लिहायचं नाही, सही नाही. मी एकदा म्हटलं, रजिस्टर का नाही ठेवत? तर म्हणाले, "वीजघरात वही पन होती. पन वही लिवून झाली तरी तोंडानं सांगायचं. वहीला ताप आलेला कळत नाय."

माझ्या हॉस्टेलच्या तापाबद्दल त्यांना काही माहीत असायचं कारण नव्हतं.

काकूंनी या चार्जची आणखी एक गोष्ट सांगितली होती. "लग्नात पाठवनीच्या टायमाला माजा बाप रडत होता गं. आन् ह्यांनी काय करावं? बापाला बोलले, 'मामा, काय सांगायचं हाय का हिच्याबद्दल? चार्ज द्या.' बापाला काय सुचंना. तो बोलला, 'वांगं खात नाय माजी पोर.' तवापास्नं ह्या घरात वांगं शिजलं नाय." खरी गोष्ट अशी की काकूंना पुढे वांगं आवडायला लागलं होतं. पण चार्जमध्ये मिळालेली माहिती कोण बदलणार? त्या शेजारणीकडे जाऊन भरलं वांगं खात.

दुसऱ्याच आठवड्यात मी आणि पार्टनर कॉलेज सुटल्यावर कोणाला न सांगता नेरळला भजी खायला गेलो आणि पाचच्या ऐवजी आठला आलो. काका खुर्चीत तसेच, खाकी पँटमध्ये. चहा घेतलेला नाही, अंघोळीचं पाणी तापून गार झालेलं. "मला पाच सांगितलं होतं," एवढंच बोलले. मला राग आला. एवढं काय झालं तीन तासांनी? तेवढ्यात आईचा फोन आला आणि मी तावातावाने म्हणाले, "चार्जवरून केवढं मनाला लावून घेतात गं हे काका." आईने विचारलं, "कसला चार्ज?" मी म्हटलं, "अगं, चार्ज गं. नंतर सांगते." आणि नंतर सांगायचं राहून गेलं.

एका सकाळी मी घाईत होते, प्रॅक्टिकल होतं. पडवीत उभी राहून पाढा म्हणावा तसा चार्ज म्हटला. काका "घेतला" म्हणेनात.

"पुन्ना बोल," ते म्हणाले.

"काका, उशीर होतोय. कॉलेजला चालले, चार्ज घ्या."

"नाय घेत. आवाज बरोबर नाय तुजा. आज बंद ठिवायचं."

मी वाद घातला, पाय आपटत वर गेले आणि जोरात दार लावलं. दुपारी बारापर्यंत अंग असं तापलं की काकूंनी लावलेला हात चटकन मागे घेतला. काकांनी रिक्षा बोलावून डॉक्टरकडे नेलं, प्रॅक्टिकलच्या सरांना स्वतः फोन करून सांगितलं. तीन दिवस मऊ भात आणि लिंबाचं लोणचं खात मी झोपून राहिले आणि खालून काकांचा आवाज ऐकत राहिले. ते काकूंना माझ्या खोकल्याचा अहवाल देत होते. बरं वाटण्याआधीच मला किती बरं वाटलं होतं, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आणि मग, सेमिस्टर संपायला तीन आठवडे असताना, माझा फोन बादलीत पडला.

पार्टनर गावी गेली होती. संध्याकाळी मी रीतसर चार्ज देऊन बाजारातल्या दुकानात फोन टाकून आले. आल्यावर काकांनी अहवाल दिला. "फोन आला होता एक. बोलला, मी तिचा बाप. मी काय सांगितलं नाय." बाबांनी या घरात फोन केला म्हणजे काळजीच्या वरची काहीतरी गोष्ट. पण फोन बादलीत पाडला हे बाबांना कुठल्या तोंडाने सांगू? उद्या दुकानातून मिळाला की सावकाश बोलू, असं ठरवून मी तो प्रश्न उद्यावर ढकलला. चूक माझीच होती.

माणगावला काय झालं ते मला पुढे कळलं. माझा फोन लागेना म्हणून बाबांनी मामाकडून काकांचा नंबर घेतला. लाईन खरखरत होती. बाबा म्हणाले, "माझ्या मुलीचा फोन बंद आहे, ती कुठे आहे?" काका म्हणाले, "फोनवर चार्ज देत नाय मी," आणि फोन ठेवला. बाबांना ऐकू आलं, 'फोनला चार्ज देत नाय मी.' आईने लगेच जोड दिली, "अहो, ती मागेच म्हणत होती, चार्जवरून ते फार बोलतात." झालं. जो माणूस मुलींना फोन चार्ज करू देत नाही, त्याच्या घरात माझी मुलगी! सकाळी सहाच्या गाडीने बाबा निघाले, ते मला घरी न्यायलाच. रिकामी मोठी बॅगही सोबत घेतली होती.

दुपारी एकच्या सुमाराला ते पडवीत पोचले. मी कॉलेजात होते. तिथलं संभाषण मला काकूंनी इतक्यांदा करून दाखवलंय की मी तिथे असल्यासारखंच मला पाठ आहे.

"माझी मुलगी इथे राहते," बाबांनी माझं नाव सांगितलं.

"असल."

"असेल म्हणजे? आहे की नाही?"

"तुमी कोन?"

"मी तिचा बाप."

"असाल," काका म्हणाले. "पन तिनं सकाळी चार्ज दिला, त्यात बाप येनार असं नवतं."

बाबांनी पाकिटातून आधार कार्ड काढलं. काकांनी चष्मा लावून ते दोन्ही बाजूंनी वाचलं, आदराने परत दिलं आणि म्हणाले, "आडनाव जुळतंय. पन कागद कोन पन आनतो." ज्यांचा जन्म कागदांवर गेला त्या माझ्या बाबांना हे कसं लागलं असेल? त्यांनी विचारलं, खोली कुठली, कॉलेज किती वाजता सुटतं, आत्ता ती घरात आहे का. काका प्रत्येक प्रश्नाला एकच सांगत, "बसा. काय ते कळंल." बाबांनी शेवटचं शस्त्र काढलं. "तुमच्याकडे रजिस्टर आहे का?"

"नाय."

मग दोघं समोरासमोर बसले, काका खुर्चीत, बाबा बाकावर, रिकामी बॅग मधे. काकूंनी दोनदा चहा दिला. जेवायला विचारलं तर बाबा नको म्हणाले, आणि पाहुणा उपाशी म्हणून काकाही जेवले नाहीत. असे चार तास गेले.

सव्वापाचला मी शेअर रिक्षातून उतरले आणि गल्लीच्या तोंडाशीच मला बाबा दिसले. शेजारची बॅगही दिसली. बॅग बघितल्यावर कॉलेज संपलं हे मला समजलं. तरी पडवीची पायरी चढताना सवयीने तोंडातून निघालंच, "आले. चार्ज द्या."

काका खुर्चीत ताठ झाले. "एक वाजून दहा मिन्टांनी एक गृहस्थ आले. बाप म्हनतात. काल फोन केलेले ह्येच असावेत. दोन चहा घेतले. खोली दाखवली नाय, कॉलेजची येळ सांगितली नाय, तू घरात हायस का नाय ते पन सांगितलं नाय. वळखतेस का?"

"हो. माझे बाबा आहेत."

"घेतला?"

"घेतला."

तेव्हा काका उठले, बाबांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आता या आत. लय येळ बसवलं तुमाला. हात धुवा, जेवून घ्या."

बाबा उठेनात. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "हॉस्टेलला फोन केला की ते लगेच सगळं सांगायचे. खोली नंबर, मजला, सगळं. मी कोण आहे हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि मला कधी खटकलं नाही." त्यांचा चेहरा रडवेला झाला होता. मी पटकन त्यांच्याशेजारी बसले आणि त्यांचा हात धरला.

जेवताना त्यांनी खिशातून एक नवी कोरी पॉवर बँक काढून माझ्यासमोर ठेवली. पनवेलला गाडी बदलताना घेतली होती. "हे लपवून ठेव," ते कुजबुजले. "ते फोनला चार्ज देत नाहीत ना." मला आधी कळेना. कळलं तेव्हा मला असा ठसका लागला की काकूंना पाठीवर थोपटावं लागलं. सगळा उलगडा झाल्यावर काकांनी ती पॉवर बँक हातात घेतली, कानाशी धरून ऐकली आणि म्हणाले, "उमर गेली वीज करन्यात, आन् माज्या घरात वीज पनवेलवरनं येते." बाबा हसले. त्या घराला 'बाहेर' म्हणायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडून दिलं. रिकामी बॅग रिकामीच परत नेली, म्हणजे अगदी रिकामी नाही, काकूंनी तिच्यात तांदळाच्या पापडांचा डबा घातला होता.

बाबा गेल्यावर मी वर आले, कंपासपेटीतून चार खिळे काढले आणि भिंतीत ठोकले. शेवटचा वाकडा गेला. खालून आवाज आला, "एक वाकडा गेला."

तिसरं वर्ष गेलं, चौथं गेलं. पार्टनर आदल्या दिवशी गेली आणि शेवटी सामान न्यायला बाबा टेंपो घेऊन आले. मला पुण्यात नोकरी लागली होती. पेढे दिले, पाया पडले, काकूंच्या गळ्यात पडून रडले. काका खुर्चीतच होते. बाबा निरोप घ्यायला पुढे झाले तर काकांनी बाकाकडे बोट दाखवलं. "बसा. चार्ज देतो."

बाबा बसले. काका त्यांच्या डोळ्यांत बघून सांगू लागले. "तीन वर्सं झाली. ताप दोनदा. पैल्यांदा आवाजावरनं कळलं, दुसऱ्यांदा तिनं सोता सांगितलं. थंडीत उजवा कान दुखतो, बोलत नाय, मान तिरकी धरते. रागावली की जेवत नाय. ताट झाकून ठिवायचं, तासाभरानं जेवते. गनिताच्या पेपराआदी तिच्याशी बोलायचं नाय. खोटं बोलायचं असलं की आदी पानी पिते. फोन बादलीत एकदा. खिळे चार, त्यातला एक वाकडा. बाकी सगळं नॉर्मल. चार्ज घ्या."

बाबांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथेच थांबला. सही करायला काही नव्हतं. टेंपोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. काका हलले नाहीत.

"घेतला," बाबा म्हणाले.

काकांनी मान हलवली आणि उठून आत गेले. आम्ही उरलेलं सामान चढवत होतो. मला वाटलं, ते गाडी सुटताना तरी बाहेर येतील, म्हणून मी मुद्दाम रेंगाळले. मी हाक मारणार तेवढ्यात काकू बोट ओठांवर ठेवून दारात आल्या.

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या. "झोपलेत."

मी आत डोकावले. दुपारचे दोन वाजले होते, खाकी पँट खुंटीवर होती आणि लुंगी नेसून काका चांगले घोरत होते.